किरणोत्सारी कचऱ्याच्या टाक्या किती सुरक्षित? हॅनफर्डच्या १७७ टाक्यांमधून समजून घेऊया

गेम्समध्ये आणि हॉलिवूडच्या सिनेमांमध्ये अणुकचरा म्हणजे पिवळा ड्रम आणि त्यातून ओघळणारा हिरवा चमकणारा द्रव. खरा अणुकचरा असा नसतो. रिॲक्टरमधून बाहेर काढलेलं इंधन घन असतं, धातूच्या नळ्यांमध्ये बंद. ते पाण्याच्या कुंडात ठेवतात आणि ते सांभाळणं तुलनेने सोपं आहे. त्रास सुरू होतो तो हे इंधन ॲसिडमध्ये विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळं काढल्यावर. मागे उरतो एक गरम, प्रचंड किरणोत्सारी रासायनिक रस्सा. हा रस्सा टाक्यांमध्ये साठवतात. आजचा लेख या टाक्यांबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, अणुशास्त्रज्ञ नाही. पण या विषयात मला ओळखीचं बरंच काही सापडलं. 'तात्पुरतं' म्हणून केलेलं काम पन्नास वर्षं चालणं, डॉक्युमेंटेशन नसलेली जुनी सिस्टिम, डेटा जमा होतोय पण कोणी बघत नाही, हे सगळं इथे आहे. फरक एवढाच की इथे सर्व्हर रिस्टार्ट करता येत नाही.

हॅनफर्ड: टाक्या आल्या कुठून?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड नावाची जागा आहे. (राजधानी वॉशिंग्टन डीसी वेगळी. हे राज्य पश्चिम किनाऱ्यावर आहे.) १९४३ मध्ये मॅनहॅटन प्रोजेक्टसाठी ही जागा ताब्यात घेतली गेली. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलं. नंतर शीतयुद्धात इथे एकूण ९ रिॲक्टर चालले, शेवटचा १९८७ मध्ये बंद झाला.

प्लुटोनियम काढून झाल्यावर उरलेला कचरा नायट्रिक ॲसिडमध्ये असायचा. ॲसिड साठवायचं तर स्टेनलेस स्टील हवं. पण युद्धाच्या काळात स्टेनलेस स्टीलची टंचाई होती, म्हणून साधं कार्बन स्टील वापरायचं ठरलं. कार्बन स्टील ॲसिडमध्ये टिकत नाही. मग उपाय असा काढला की कचऱ्यातच कॉस्टिक सोडा ओतायचा आणि तो अल्कलाइन करून टाकायचा. टाकी वाचली. पण कचऱ्याचं प्रमाण वाढलं आणि त्यातले बरेच धातू साका होऊन तळाशी बसले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. टाकीच्या सोयीसाठी आतला माल बदलला आणि पुढे तो बाहेर काढणं कितीतरी अवघड होऊन बसलं.

१९४३ ते १९६४ या काळात अशा १४९ टाक्या बांधल्या गेल्या. बाहेरून काँक्रीट, आतून स्टीलचं एकच अस्तर. यांना सिंगल शेल टाक्या म्हणतात. मोठ्या टाकीचा व्यास साधारण २३ मीटर, क्षमता ३८ लाख लिटरपर्यंत, आणि वर दोन-तीन मीटर मातीचा थर. ही माती किरणोत्सर्ग अडवण्यासाठी. या टाक्यांचं अपेक्षित आयुष्य जेमतेम २०-२५ वर्षं धरलेलं होतं. तोपर्यंत कायमचा उपाय सापडेल असा हिशोब.

नंतर १९६८ ते १९८६ मध्ये २८ डबल शेल टाक्या आल्या. टाकीच्या आत टाकी, मध्ये पाऊण मीटरची मोकळी फट. आतली गळली तर कचरा फटीत येणार, तिथे तो दिसणार, आणि जमिनीत जाण्याआधी हाताशी वेळ मिळणार. एकूण टाक्या १७७. आतला कचरा सुमारे २१ कोटी लिटर, म्हणजे ऑलिंपिक आकाराचे ८० पेक्षा जास्त स्विमिंग पूल.

टाकीत नेमकं काय आहे?

एका टाकीत साधारण तीन थर असू शकतात. तळाशी पीनट बटरसारखा घट्ट गाळ, त्यावर मिठाचा कडक, ओलसर थर आणि सगळ्यात वर द्रव. प्रत्येक टाकीतलं मिश्रण वेगळं, कारण वेगवेगळ्या दशकांत प्लुटोनियम काढायच्या पद्धती बदलल्या आणि जागा करण्यासाठी कचरा या टाकीतून त्या टाकीत फिरवला गेला. १९५० च्या दशकात तर काही टाक्यांमध्ये फेरोसायनाइड घातलं, म्हणजे सिझियम तळाशी बसेल आणि वरचं पाणी जमिनीत सोडता येईल. पुढे कित्येक वर्षं याच फेरोसायनाइडचा स्फोट होईल का, यावर लोकांची झोप उडाली. नंतर तपासण्या झाल्यावर कळलं की ते बऱ्याच अंशी आपोआप विघटित झालं होतं.

किरणोत्साराच्या बाजूने बघितलं तर आज सर्वांत जास्त जोर सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा. दोघांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास. म्हणजे दर ३० वर्षांनी ताकद अर्धी, आणि ३०० वर्षांनी जवळपास हजारावा भाग. पण त्याच टाकीत टेक्नेशियम-९९ सुद्धा आहे, अर्धायुष्य २ लाख वर्षांहून जास्त. आणि उरलेलं थोडं प्लुटोनियम-२३९, अर्धायुष्य २४ हजार वर्षं. २५ वर्षांच्या टाकीत २ लाख वर्षांचा पाहुणा!

टाकी 'फेल' कशी होते?

गच्चीवरची पाण्याची टाकी फेल होते म्हणजे गळते. इथे गळणं हा एक प्रकार झाला. याशिवाय निदान दोन प्रकार आहेत आणि ते जास्त भीतीदायक आहेत. कारण टाकीत पडलेला हा माल शांत नसतो. तो उष्णता देतो, वायू तयार करतो आणि स्टील खातो.

*उष्णता.* विघटन होताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून कचरा स्वतःच गरम राहतो. ताज्या कचऱ्याला सतत थंड करावं लागतं. ते थांबलं तर काय होतं याचं उदाहरण हॅनफर्डचं नाही, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचं आहे.

उरल पर्वताजवळ मायाक हा सोव्हिएत प्लुटोनियमचा कारखाना. तिथे १९४९ ते १९५१ मध्ये कचरा सरळ तेचा नदीत सोडत होते. त्या मानाने टाक्या ही सुधारणाच म्हणायची. ३०० घनमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, भोवती काँक्रीट, आणि थंड ठेवायला पाणी. एका टाकीचं कूलिंग बिघडलं. तापमान दाखवणारी उपकरणंही धड नव्हती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. आतलं पाणी हळूहळू उडून गेलं. पातेल्यातलं पाणी आटलं की तळाचं करपायला लागतं, तसंच. फक्त इथे तळाशी नायट्रेट आणि ॲसिटेटचे क्षार होते. कोरडं नायट्रेट आणि त्यासोबत जळू शकणारा सेंद्रिय पदार्थ, ही स्फोटकांचीच रेसिपी आहे. २९ सप्टेंबर १९५७ ला, रविवारी दुपारी, ती टाकी उडाली. वरचं सुमारे १६० टनांचं काँक्रीटचं झाकण फेकलं गेलं. सुमारे २ कोटी क्युरी किरणोत्सार बाहेर आला. त्यातला ९० टक्के जवळच पडला, पण उरलेला वाऱ्याबरोबर ३०० किलोमीटरपर्यंत पसरला. पुढच्या दोनेक वर्षांत १० हजारांच्या आसपास लोकांना गावं सोडावी लागली.

लक्षात घ्या, हा अणुस्फोट नव्हता. रासायनिक स्फोट होता, ज्याने किरणोत्सारी माल उधळला. आणि सोव्हिएत सरकारने हे अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९८९ मध्ये. त्याआधी १९७६ मध्ये झोरेस मेदवेदेव या परदेशात राहणाऱ्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने याबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. अपघाताला 'किश्तिम' हे शेजारच्या गावाचं नाव पडलं, कारण कारखान्याचं शहर नकाशावरच नव्हतं.

*वायू.* किरणोत्सर्ग पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून हायड्रोजन सुटतो. शिवाय कचऱ्यातली सेंद्रिय रसायनं कुजल्यासारखी तुटतात आणि नायट्रस ऑक्साइड, अमोनिया वगैरे तयार होतात. नायट्रस ऑक्साइड म्हणजे तोच 'लाफिंग गॅस', पण इथे हसण्यासारखं काही नाही. तो ऑक्सिजनसारखं काम करतो, जळण्याला मदत करतो. आणि हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरेशी असते.

हॅनफर्डची एसवाय-१०१ ही टाकी यासाठी कुप्रसिद्ध. घट्ट पिठलं रटरटताना बघितलंय? वाफ खाली अडकते, वरचा थर फुगतो, मग एकदम 'भद' करून बुडबुडा फुटतो आणि शेगडीभर शिंतोडे. एसवाय-१०१ मध्ये नेमकं हेच चालू होतं. वायू तळाच्या गाळात साठायचा, गाळ हलका होऊन वर यायचा आणि साधारण दर तीनेक महिन्यांनी टाकी मोठा ढेकर द्यायची. काही ढेकरांच्या वेळी टाकीतल्या मोकळ्या जागेत हायड्रोजनचं प्रमाण पेट घेण्याच्या मर्यादेवर गेलं.

उपाय कसा केला ते मला फार आवडलं. वायू तयार होणं थांबवता येत नाही, मग तो साठू तरी द्यायचा नाही. जुलै १९९३ मध्ये टाकीत एक मोठा मिक्सर पंप उतरवला. तो वरचा द्रव ओढून तळाजवळ जोरात सोडतो, गाळ ढवळला जातो आणि वायू थोडा थोडा निघून जातो. मोठे ढेकर बंद. पण काही वर्षांनी वरचा सायीसारखा थर वायू धरून जाड व्हायला लागला आणि पातळी वाढू लागली. एक बग फिक्स केला की दुसरा वर येतो, तसं. शेवटी १९९९-२००० मध्ये काही कचरा दुसऱ्या टाकीत हलवून, उरलेल्यात पाणी घालून पातळ केल्यावर प्रश्न मिटला.

*गळती.* नायट्रेट असलेला गरम द्रव कार्बन स्टीलला, विशेषतः वेल्डिंगच्या आसपास, बारीक भेगा पाडतो. द्रवातला कॉस्टिक आणि नायट्राइट योग्य प्रमाणात ठेवले तर स्टील वाचतं. म्हणजे टाकीची 'केमिस्ट्री' वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, फिशटँकसारखी. सिंगल शेल टाक्यांपैकी ६७ गळल्या असाव्यात असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने धरलेलं आहे, आणि गळलेला एकूण कचरा सुमारे ३८ लाख लिटर.

यातली सर्वांत मोठी गळती १९७३ ची, टी-१०६ टाकीची. सुमारे ७ आठवड्यांत ४ लाख ३५ हजार लिटर जमिनीत गेलं. आता हे वाचा: टाकीतली पातळी मोजली जात होती. आकडे रोजच्या रोज कागदावर उतरत होते आणि ते कमी होताना दिसतही होते. पण ते आकडे नीट बघून 'अरे, हे घटतंय' म्हणणारं वेळेत कोणी नव्हतं. लॉग होते, अलर्ट नव्हता. सात आठवडे!

गळलेलं जातं कुठे?

हॅनफर्डच्या टाक्या नदीपासून काही मैल आत, उंच पठारावर आहेत आणि खाली भूजलापर्यंत ६० ते ९० मीटर कोरडी माती. हा निसर्गाने दिलेला बफर. सिझियम मातीला चिकटतं, त्यामुळे बरंचसं टाकीजवळच अडकून राहतं. टेक्नेशियम आणि नायट्रेट मात्र पाण्याबरोबर चालत राहतात. म्हणून 'माती सगळं अडवेल' हा जुना भरवसा अर्धाच खरा निघाला. आज तिथे भूजल उपसून, गाळून परत जमिनीत सोडण्याचा मोठा प्रकल्प चालतो. टाक्यांच्या पश्चिम भागासाठीचा मुख्य प्लांट २०१२ मध्ये सुरू झाला.

सिंगल शेल टाक्यांमधला पंपाने काढता येण्यासारखा बहुतेक द्रव २००४ पर्यंत डबल शेलमध्ये हलवला गेला. राहिला तो गाळ आणि क्षार, जे स्वतःहून सहज वाहत नाहीत. तरी पूर्ण बंद झालं असं नाही. २०१३ मध्ये टी-१११ आणि २०२१ मध्ये बी-१०९ या टाक्या अजून झिरपत असल्याचं जाहीर झालं.

डबल शेल म्हणजे निश्चिंत?

नाही. २०१२ मध्ये एवाय-१०२ या टाकीच्या दोन भिंतींमधल्या फटीत कॅमेरा सोडला तेव्हा तिथे कचरा वाळून बसलेला दिसला. आतली टाकी गळत होती. ही २८ मधली सर्वांत आधी बांधलेल्यांपैकी एक. बांधतानाच तळाच्या स्टीलला फुगवटे आले होते आणि बरीच वेल्डिंग पुन्हा करावी लागली होती. पुढे त्यातच गरम गाळ ठेवला गेला. बाहेरची टाकी टिकली, कचरा जमिनीत गेल्याचं आढळलं नाही, आणि २०१७ पर्यंत टाकी जवळजवळ रिकामी केली.

मला विचाराल तर ही डिझाइनची नापास झालेली परीक्षा नाही, पास झालेली आहे. दुसरी भिंत याचसाठी तर होती. अडचण वेगळी आहे. गळकी टाकी रिकामी करायची म्हणजे माल ओतायला दुसरी चांगली टाकी हवी. चांगल्या टाक्या २८ च, आता २७. बाष्पीभवन करून पाणी कमी करतात, जागा काढतात, पण टाक्या म्हाताऱ्या होत चालल्यात आणि १४९ जुन्या टाक्यांपैकी बहुतेकींचा माल अजून रांगेत आहे. फोनचं स्टोरेज फुल असताना बॅकअप घेण्यासारखी अवस्था.

मग खरा उपाय काय?

द्रवाचा घन करणं. कचरा काचेच्या कच्च्या मालात मिसळून सुमारे ११५० अंश सेल्सियसला वितळवायचा आणि स्टीलच्या डब्यात ओतून गोठवायचा. किरणोत्सारी अणू काचेच्या रचनेतच बांधले जातात. काच गळत नाही आणि पाण्यात विरघळायला प्रचंड काळ घेते. ती गरम राहते, पण तिला नुसत्या हवेने थंड ठेवता येतं, पंपावर अवलंबून राहावं लागत नाही.

हे तंत्र नवीन नाही. फ्रान्समध्ये मार्कूलला १९७८ पासून औद्योगिक पातळीवर झालं. अमेरिकेतच साउथ कॅरोलायनाच्या सव्हाना रिव्हरला १९९६ पासून चालू आहे. आपल्याकडेही हाच मार्ग धरलाय: पालघर जिल्ह्यातलं तारापूर, मुंबईतलं तुर्भे आणि तमिळनाडूतलं कल्पाक्कम, या तिन्ही ठिकाणी पुनर्प्रक्रियेतून आलेला तीव्र कचरा बोरोसिलिकेट काचेत गोठवणारे प्लांट आहेत. बोरोसिलिकेट म्हणजे ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या भांड्यांचीच जात. तारापूरला या डब्यांसाठी हवेने थंड राहणारं साठवणगृहही आहे. काच होईपर्यंत द्रव टाकीतच असतो, पण तिथे टाकी म्हणजे प्रवासातलं स्टेशन, मुक्काम नाही.

हॅनफर्डला हे का जमलं नाही? प्रत्येक टाकीतला माल वेगळा असल्यामुळे एकच रेसिपी चालत नाही. १९८९ मध्ये केंद्र सरकारची दोन खाती आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात सफाईचा करार झाला. काचेच्या प्लांटचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं. आणि त्यात खऱ्या कचऱ्याची पहिली काच बनायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, तीसुद्धा कमी तीव्रतेच्या भागाची. तीव्र गाळाचा प्लांट अजून पूर्ण झालेला नाही.

बातमी आली तर काय बघायचं?

'अणुकचऱ्याची टाकी फुटली' असं नोटिफिकेशन कधी आलं तर पॅनिक होण्याआधी काही गोष्टी शोधा. आत काय होतं? फुकुशिमाच्या टाक्यांमध्येही किरणोत्सारी पाणी आहे आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिथल्या एका टाकीतून सुमारे ३०० टन पाणी गळलंही होतं. पण ते पुनर्प्रक्रियेच्या कचऱ्याच्या तुलनेत खूप सौम्य असतं, दोन्ही एका तागडीत तोलू नका. मग बघा, भिंत एक होती की दोन, आणि कचरा फटीत आला की मातीत गेला? माती आणि फट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थंड करणं चालू आहे का, वायू बाहेर जातोय का? गळती कोणी पकडली, अलार्मने, कॅमेऱ्याने, की महिन्यांनंतर जुने आकडे चाळताना?

आणि सगळ्यात शेवटी टाकीचं वय बघा, आणि ती किती वर्षांसाठी बांधली होती ते. बी-१०९ चं बांधकाम दुसऱ्या महायुद्धातलं आहे.